जिभेखालची गोळी

जिभेखाली ठेवलेली गोळी आधी कडांनी विरघळते. मधला भाग बराच वेळ टिकून राहतो, मसुरीच्या डाळीएवढा, आणि मग तोही लाळेत मिसळून दिसेनासा होतो. चुरून दिली तर लवकर संपते, पण चुरा कडू लागतो म्हणून उमेशला अख्खीच हवी असायची.

"आ कर," मी म्हणायचे.

तो जीभ टाळूला लावायचा. मी टॉर्च मारून बघायचे. काही उरलं नसेल तर मान हलवायचे आणि मगच त्याला बोलायची मोकळीक असायची.

उमेश माझा धाकटा भाऊ. जळगावात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. पाठीचा मणका दुखावला, डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या, चिठ्ठी संपली तरी कॅप्सूल मिळत राहिल्या, आणि त्या पुरेनाशा झाल्या तेव्हा त्याच्या खिशात पुड्या आल्या. अशाच एका पुडीसकट पोलिसांनी त्याला पकडलं. पुडी लहान होती. उपचार घेईन, शहर सोडून जाणार नाही, घरातलं एक जबाबदार माणूस रोज माझ्यावर लक्ष ठेवील, या अटींवर कोर्टानं त्याला सोडलं. जबाबदार माणूस म्हणून माझं नाव लागलं. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवत होते. माझ्याहून योग्य माणूस कोणाला सुचणार? व्यसनमुक्ती केंद्रातून नशेची ओढ दाबणाऱ्या आठवड्याच्या गोळ्या माझ्या ताब्यात मिळायच्या. त्या माझ्या कपाटात असायच्या आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

गोळी तोंडात असताना बोलायचं नसतं. थुंकी गिळायची नसते. गिळली की औषध पोटात जातं आणि वाया जातं. त्यामुळे रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी उमेश माझ्यासमोर खाटेवर तोंड मिटून बसायचा आणि मी बोलायचे. कॉलेजातलं, लहानपणचं, बाबांचं, काहीही. तो ऐकायचा. फारच बोलले तर तळहात वर करायचा, थांब म्हणून, आणि डोळ्यांनी हसायचा. आमच्या लहानपणी तो सगळ्या गल्लीचा होता. माझ्यासमोर इतका वेळ तो कधीच बसला नव्हता.

मग थंडीत कांचन परत आली.

कांचन त्याची बायको. गॅस पेटता ठेवून तो ओट्याशी पेंगलेला सापडला, त्या दिवशी ती रावेरला माहेरी निघून गेली होती. मी तिला दोष दिला नव्हता. किंबहुना ती गेल्याचं मला फारसं काही वाटलंच नव्हतं. आता ती दारात उभी होती, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी.

"ताई, आत येऊ?"

माझ्या आधी आईच बोलली. "विचारतेस काय? घर तुझंच आहे."

मी त्या घरात जन्मल्यापासून राहत होते. हे वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमेशला गोळी दिली तेव्हा ती हात पुसत खोलीत आली आणि खाटेसमोर जमिनीवर बसली.

"त्याला बोलायचं नसतं आता," मी म्हटलं.

"माहीत आहे ताई. केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं मला."

डॉक्टरांना ती कधी भेटली, हे मला माहीत नव्हतं. तिनं पदराच्या गाठीतून खडीसाखरेचा खडा काढला, उमेशला दाखवला आणि आपल्या जिभेखाली ठेवला. ओठ मिटले. मी कॉलेजातल्या परीक्षेचं सांगत होते. एक वाक्य पुरं केलं आणि पुढचं सुचेना. दोन माणसं तोंडं मिटून एकमेकांकडे बघत होती आणि त्या खोलीत आवाज होता तो फक्त माझा. तिनं भुवया उडवल्या: संपली का? त्यानं मान हलवली: नाही. तिनं गाल फुगवले. त्याला नाकातून हसू आलं.

"गिळशील!" मी ओरडले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात हसताना पकडलेली पोरं बाईंकडे बघतात तसं.

खडीसाखर गोळीच्या आधी संपणार, हे मला माहीत होतं. तशी ती संपली. कांचननं आ करून त्याला रिकामं तोंड दाखवलं. पुढच्या दिवशी तिनं खडा मोठा आणला. इतके दिवस रोज सकाळी मी त्याच्यासमोर बसले होते, पण माझ्या डोक्यात असलं काही कधी आलं नव्हतं.

त्या थंडीत आमच्याकडे एक वाद पेटला होता. स्वतःसाठी एखादी पुडी बाळगणं हा गुन्हा मानावा की आजार? एक समिती जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांचं म्हणणं ऐकत फिरत होती आणि जळगावातही तिची सुनावणी ठरली. तज्ज्ञ म्हणून मला बोलावणं आलं. भुक्तभोगी म्हणून केंद्रानं उमेशचं नाव दिलं.

भरताचा बेत होता त्या दुपारी. कांचन भाजलेली वांगी सोलून लाकडी परातीत ठेचत होती. मी लसूण सोलत होते.

"ताई, कायदा बदलला तर ह्यांच्या कोर्टाच्या तारखा संपतील ना?"

"लगेच नाही. आणि बदलेलच असंही नाही."

"पण संपल्या तर रावेरला जाता येईल. दादाकडे केळीच्या गाड्या भरतात. लक्ष ठेवायला घरचं माणूस हवंय त्याला."

"आणि गोळ्या?"

"तिथं राहूनही मिळतील म्हणाले डॉक्टर. आठवड्यातून एकदा यायचं आणि घ्यायच्या. जबाबदार माणूस पाहिजे फक्त." तिनं हात थांबवला नाही. "तारखा संपायचीही गरज नाही म्हणे. तुमची हरकत नसेल तर कोर्टातून परवानगी निघते, नाव बदलून मिळतं. तुम्हाला तरी किती दिवस त्रास द्यायचा?"

त्रास. मी लसणाची पाकळी नखानं दोनदा चिरली.

"बघू," मी म्हटलं.

डॉक्टरांनी हेच विचारलं होतं तेव्हाही मी 'बघू' म्हटलं होतं. त्या थंडीत मी तो शब्द किती जणांना ऐकवला असेल, कोण जाणे.

"बरं," कांचन म्हणाली. "सुनावणीत ते बोलणार आहेत. भिकनचं सांगणार आहेत."

"कोण भिकन?"

आता तिचा हात थांबला. "तुम्हाला नाही सांगितलं त्यांनी?"

"कोण भिकन, कांचन?"

"त्यांनाच विचारा ताई. मी सांगणं बरं नाही."

जेवताना उमेशनं तिसरी कळण्याची भाकरी मागून घेतली. माझ्या हाताखाली तो दीडवर आटोपायचा.

दुसऱ्या दिवशी कांचन आंघोळीला गेली होती. मी गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली आणि विचारलं, "कोण भिकन?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग तळहात वर केला. थांब.

मी थांबले. गोळी संपली तेव्हा कॉलेजची बस यायची वेळ झाली होती.

"ताई, ऐक—"

"संध्याकाळी सांग," मी म्हटलं आणि पर्स उचलली. संध्याकाळी आले तेव्हा तो आणि कांचन गच्चीवर होते. दोघांच्या हसण्याचा आवाज जिन्यात येत होता. मी वर गेले नाही.

सुनावणीच्या दोन-तीन दिवस आधी बापूसाहेब घरी आले. ते आमच्या वॉर्डाचे नगरसेवक; त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. चहा पुढे ठेवला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"मॅडम, मी स्पष्टच सांगतो. मी सांगितलं तर म्हणतील पुढारी बोलतोय. तुम्ही सांगितलं तर वजन पडेल."

"काय सांगायचं?"

"जे घडलं तेच. तुमचा भाऊ कशानं सुधारला? पोलिसांनी धरलं म्हणून. कोर्टाचा धाक होता म्हणून. खोटं आहे का?"

"खोटं नाही," मी म्हटलं.

"मग? हा धाक काढून घेतला तर उद्या पोरं चौकात बसून ओढतील. माझा पुतण्या गेला ह्यात, तुम्हाला ठाऊक आहे. त्याला वेळेवर आत टाकला असता तर आज लंगडत का होईना, घरात असता. पटतं का?"

"दुसरी बाजूही आहे बापूसाहेब. बाहेरच्या काही देशांतले आकडे—"

"बाहेरचं सोडा हो. तुमच्या घरातलं सांगा."

मी त्यांना शब्द दिला नाही, नकारही दिला नाही. ते गेल्यावर आई आतून म्हणाली, "काय ठरवलंस मग?"

"पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. बघू."

"कायद्याचं नाही विचारत मी. उमेशचं विचारतेय. सोडत का नाहीस त्याला?"

"मी कुठे धरलंय? कोर्टानं धरलंय."

"कोर्टाला काय माहीत आपला उमेश? कोर्ट तुझ्या तोंडानं बोलतं." तिनं कप उचलला, बापूसाहेबांचा गार झालेला चहा मोरीत ओतला. "ती बिचारी रोज माझे पाय दाबत विचारते, ताई काही म्हणाल्या का. काय सांगू तिला? आमची ताई बघतेय म्हणून?"

रोज पाय दाबत. हेही मला नवीन होतं.

सुनावणीच्या दिवशी आम्ही सकाळीच सभागृहात पोचलो. गोळीची वेळ झाली तेव्हा मी उमेशला बाजूच्या खोलीत नेलं. कांचन मागोमाग आली.

"ताई, आज बोलून झाल्यावर दिली तर?"

"त्याचा नंबर जेवणानंतर आहे. वेळ बदलायची नाही."

"एक दिवसानं काय होतंय?"

"कांचन, हा माझा विषय आहे."

"असू दे गं," उमेश तिला म्हणाला आणि माझ्यासमोर तोंड उघडलं. मी गोळी ठेवली. कांचननं त्या दिवशी खडीसाखर काढली नाही. ती बाहेर जाऊन शेवटच्या रांगेमागे उभी राहिली. मी तज्ज्ञांच्या खुर्च्यांकडे गेले.

बापूसाहेब आधी बोलले. चांगलं बोलले. पुतण्याचं नाव घेताना त्यांचा आवाज फुटला आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. माझं नाव त्यानंतर होतं. मी उठणार तोच अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

"मला दुपारी थांबता येणार नाही. तज्ज्ञ लेखी दिलं तरी चालेल, भुक्तभोगी आधी ऐकू. उमेश भंगाळे!"

केंद्रातल्या कोणीतरी बाजूचं दार उघडलं. उमेश तोंड मिटून बाहेर आला. मला वाटलं तो दारातच थांबेल, पण नाव पुकारलं गेलं की पुढे व्हायचं, ही सवय त्याला कोर्टानं लावली होती. तो सरळ माईकपर्यंत गेला, उभा राहिला आणि तळहात वर केला.

"बोला," अध्यक्ष म्हणाले.

तळहात तसाच.

"बोला हो. घाबरू नका."

मागून कोणीतरी म्हणालं, "टाइट आहे भो!" सभागृह हसलं. बापूसाहेब हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि दुःखानंच म्हणाले, "साहेब, बघून घ्या. उपचार चालू असलेला माणूस आहे हा. तोंडातून शब्द फुटत नाही. ह्यांना मोकळं सोडा म्हणतात."

"तुम्ही नशा करून आलात का?" अध्यक्षांनी विचारलं.

उमेशनं मान हलवली. ओठांच्या कोपऱ्यात लाळ जमली होती, ती त्यानं मनगटानं पुसली. ते आणखी वाईट दिसलं. गिळलं असतं तर त्याला बोलता आलं असतं. गोळी वाया गेली असती, रात्री घाम आणि हाडं ठणकणं सुरू झालं असतं, पण त्या हसणाऱ्या लोकांना उत्तर देता आलं असतं. त्याच्या गळ्याची घाटी वर सरकताना मला दिसली.

तेवढ्यात ती घाटी थांबली. मी वळून बघितलं. शेवटच्या रांगेमागे कांचन आपल्या ओठांवर हात ठेवून मान हलवत होती. नको. गिळू नका. तो तिच्याकडे बघत होता. माझी खुर्ची त्याच्यापासून हातभर अंतरावर होती आणि तो माझ्या डोक्यावरून बघत होता.

मी उभी राहिले.

"साहेब, तो नशेत नाही. त्याच्या जिभेखाली औषध आहे. विरघळेपर्यंत बोलता येत नाही. मीच दिलंय ते."

"आपण?"

"मी औषधशास्त्र शिकवते. तज्ज्ञांमध्ये माझं नाव आहे. मी त्याची बहीण."

"मग प्रश्नच मिटला," अध्यक्षांना बरं वाटलं. "तुम्हीच सांगा, त्याला काय सांगायचंय ते."

मी तोंड उघडलं. ती गोळी मेंदूत कुठे जाऊन बसते, हे मी सांगू शकले असते. उमेशच्या जिभेच्या मुळाशी डावीकडे एक काळा तीळ आहे, हे मी सांगू शकले असते. भिकन हे मात्र माझ्याकडे नुसतं नाव होतं. किती सकाळी मी माझ्या भावाशी बोलले होते, आणि त्या प्रत्येक सकाळी त्याचं तोंड मिटलेलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"बहीण म्हणता ना?"

"हो. पण मला माहीत नाही. त्याच्या बायकोला माहीत आहे. ती मागे उभी आहे."

कांचन दोन रांगांमधून पुढे आली. माईक तिच्यासाठी उंच होता. उमेशनं तो खाली ओढून दिला. ती समितीकडे बघत नव्हती. एकेक वाक्य बोलायची आणि उमेशकडे बघायची. तो मान हलवायचा, मग पुढचं वाक्य.

"ह्यांचा एक दोस्त होता. भिकन नावाचा. हमाली करायचा. एका दिवशी चौघं बसले होते पुलाखाली. भिकननं जास्त घेतली. त्याचा श्वास अडकायला लागला, ओठ निळे पडले. सिव्हिल हॉस्पिटल समोर दिसत होतं, साहेब. हे म्हणाले, उचला. बाकीचे म्हणाले, दवाखान्यात पोलिसांना कळवतात, आपल्या सगळ्यांच्या खिशात पुड्या आहेत, सगळे आत जाऊ. दोघं पळाले. एकट्याला भिकन उचलेना, ह्यांची पाठ अशी." ती थांबली. उमेशनं मान हलवली. "मग हेही पळाले. भिकन तिथंच गेला. ह्यांना अजून त्याचा घोरल्यासारखा आवाज ऐकू येतो. एवढंच सांगायचं होतं त्यांना."

कोणी हसलं नाही. बापूसाहेब अजून उभेच होते. त्यांनी माईक न घेता विचारलं, "म्हणजे तोवर तो... जिवंत होता?"

"हो, काका."

"आमच्या पोराजवळही कोणी नव्हतं," ते म्हणाले आणि खाली बसले.

उमेशनं कांचनच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. म्हणजे गोळी संपली होती. पहिल्यांदाच मी ती संपल्याचं तपासलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे बघून तोंड किंचित उघडलं. त्यानं जीभ वर उचलून तिला दाखवली, भर सभेत, पोरासारखी. तिनं मान हलवली. अगदी माझ्यासारखी.

त्या क्षणी मला तिचा जेवढा मत्सर वाटला, तेवढा नंतर कधी कोणाचा वाटला नाही.

"मॅडम," अध्यक्ष माझ्याकडे वळले, "आता तुमचं मत सांगून टाका. तुमचा भाऊ कोर्टामुळेच औषधाला लागला, असं बापूसाहेब म्हणतात. ते खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग कायदा आहे तसा ठेवावा?"

माझ्या पिशवीत टाचणं होती. दोन्ही बाजूंची, सारख्याच लांबीची. मी ती काढली नाहीत.

"कोर्टानं त्याला माझ्यासमोर बसवला, साहेब. बरा तो दुसऱ्या कुणाजवळ झाला. भिकन तर कोर्टापर्यंत पोचलाच नाही. खिशातल्या पुडीसाठी कोणाला आत टाकू नका, एवढं माझं मत लिहून घ्या."

लेखनिकानं मान खाली घातली. उमेश आता माझ्याकडे बघत होता. कांचन पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढली आणि तिच्यापुढे धरली. तिला कळेना घ्यावी की नाही.

"डॉक्टरांना सांग," मी म्हटलं, "कोर्टात माझ्या जागी तुझं नाव लावा म्हणावं. माझी हरकत नाही."